सहावं नाव

लुवीरी प्रसारण महामंडळात मी एकोणीस वर्षं दुपारी एक वाजता देशाचे निरोप वाचले. एकोणीस! मध्ये एकदा मलेरिया झाला, तेवढाच खंड. बातम्या काय, कोणीही वाचतो हो. महामहिम अध्यक्षांनी काल काय केलं, आज काय केलं, उद्या काय करणार, संपल्या बातम्या. निरोपांना मात्र जीभ लागते. 'काफुकुले गावच्या एलिना गोंद्वे यांना कळवण्यात येते की त्यांचा मुलगा शुक्रवारच्या बसने येत आहे, स्टँडवर सायकल घेऊन यावे.' हे असं वाचायचं की एलिनाबाई एक वेळ मुलाला विसरतील, सायकल नाही विसरायच्या. तेव्हा देशात टेलिफोन मोजके, टपाल आलं तर आलं. एक वाजला की माणसं चुलीवरची मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळता ढवळता थांबायची आणि रेडिओजवळ सरकायची. ज्यांना कोणी निरोप पाठवणार नव्हतं तीही. दुसऱ्याच्या घरात डोकवायला कोणाला आवडत नाही?

सगळ्यात मोठा ढीग मरणाच्या खबरांचा असायचा. त्यात महामंडळाचा एक नियम होता: मागे राहिलेल्यांची नावं फक्त पाच. सहावं नाव दिसलं की संपादकाची लाल पेन्सिल फिरलीच. आणि आमच्याकडे त्या पाच नावांचा थाट काय विचारता! रेडिओवर ज्याला मुलगा म्हटलं तो मुलगा, बाकीचे आपले रडायला आलेले. त्या पाचांत बसण्यावरून भावाभावांत जन्माचं वैर झालेलं मी पाहिलंय. मी शहाणी काउंटरवर लोकांना सांगायची, "बाबांनो, आधी पोटची मुलं लिहा, मग साहेबलोक लिहा."

आणि माझी आई गेली तेव्हा मीच माती खाल्ली.

यादी मीच केली. पहिली मी. मग मंत्रालयातला चुलतभाऊ, चर्चचे ज्येष्ठ, जिल्हा शिक्षणाधिकारी असलेले मावसकाका आणि रेल्वेतला भाचा. माझा थोरला भाऊ सुझगो, चिवुंडा बेटावर जाळी विणणारा, तो आला सहावा. म्हटलं, दादा काय, घरचाच आहे, समजून घेईल. खरं सांगू? मला मोठी नावं हवी होती. रेडिओतल्या बाईची आई गेली हे देशाला नीट कळायला नको? लाल पेन्सिल फिरली आणि मी माझ्याच तोंडाने ते वाचलं. बेटावर त्याने ते ऐकलं. तो होडी वल्हवत आला, पण आमच्यात उभा राहिला नाही. शेजाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला, मूठभर माती टाकली आणि पाणीही न पिता परत गेला. नऊ वर्षं झाली त्याला. एक शब्द नाही.

आता आमच्याकडची पद्धत अशी की मामाशिवाय मुलीच्या लग्नाची बोलणी होत नाहीत. बाप असतो, पण तो आपला मागे बसून तंबाखू मळतो. बोलतो मामा, हो म्हणतो मामा, मान हलवतो तोही मामाच. माझ्या तेम्वाचं लुसेकोशी जमलं तेव्हा तिने मामाला पत्र धाडलं: बोलणी पुढच्या महिन्यात, ये. होडीवाल्याने उलट उत्तर आणलं, "बघू म्हणाले." एवढंच. तेम्वा तेवढ्यावरही नाचली.

आणि मग एका बुधवारी लुसेकोच्या घरून माणूस धावत आला. पोराची बदली झाली होती उत्तरेच्या सरहद्दीवरच्या दवाखान्यात, दोन वर्षांसाठी, निघायचं मंगळवारी. बोलणी येत्या रविवारी होतील, नाहीतर दोन वर्षांनी बघू. बेटाची होडी मंगळवारीच सुटली होती, पुढची दहा दिवसांनी.

"दुसऱ्या कोणाला बसवू मामा म्हणून," माझा नवरा म्हणाला. "माझा मित्र आहे ना तो शिंपी, बोलतो छान."

"बाबा, शिंप्याला कपडे शिवू दे," तेम्वा म्हणाली. "मला मामाने पोहायला शिकवलंय. तो नसला तर मी चटईवर बसणार नाही, सांगून ठेवते. आणि आई, तू रेडिओत आहेस ना? की नुसती मिरवायला आहेस?"

पोरगी माझ्यावरच गेलीय. नऊ वर्षांत मी घरचा एक निरोप वाचला नव्हता, छातीच होत नव्हती. त्या संध्याकाळी मी सगळ्यांसारखा फॉर्म भरला, शिक्का मारून घेतला आणि गुरुवारच्या गठ्ठ्यात सरकवला. एकूण चौदा निरोप झाले.

गुरुवारी सकाळी फलकावर सूचना: शेजारच्या देशाचे अध्यक्ष भेटीला येत आहेत, तीन दिवस निरोप बंद. लष्करी बँडचे मार्च वाजतील आणि थेट वर्णन होईल. मी तडक महासंचालक न्यिरोंगोसाहेबांच्या खोलीत घुसले.

"साहेब, चौदा निरोप पडलेत."

"मायी तिसेके, चौदा माणसं मोठी की पाहुणे अध्यक्ष?"

"पाहुण्यांना आणायला कोणाला बैलगाडी पाठवायची नाहीये साहेब. त्यांच्याकडे विमान आहे."

"जीभ आवरा," साहेब म्हणाले. "नाही, आवरू नका. नेहमीच्या वर्णनकाराचा घसा बसलाय. विमानतळावर तुम्हीच चला. बारा वाजता विमान उतरेल, सव्वाबाराला तुम्ही मोकळ्या."

कसलं डोंबलाचं मोकळं! बारा वाजले, विमानाचा पत्ता नाही. मला टाईप करून दिलेली तीन पानं दहा मिनिटांत संपली. महामंडळाचा दुसरा नियम असा की महामहिम उघड्यावर उभे असताना गप्प बसायचं नाही, आणि गाणंही लावायचं नाही. बोलत राहायचं. महामहिम उघड्यावर उभे होते. मग मी बोलले. गालिच्याची लांबी सांगितली, रंग सांगितला, पुन्हा लांबी सांगितली. महामहिमांच्या छत्रीबद्दल बोलले. धावपट्टीवर एक कुत्रं आलं, त्याला हाकललं, ते परत आलं, त्यालाही मी 'राष्ट्राच्या आदरातिथ्याने भारावलेलं' म्हणून घेतलं. माझ्यासोबत ध्वनियंत्रावर बसलेला फेस्टन डोळे मिटून बोट गोल गोल फिरवत होता: चालू ठेवा, चालू ठेवा.

एक वाजला. देशात न्सिमा ढवळायची थांबली असणार, हे मला अगदी दिसत होतं. घाम पुसायला पर्समध्ये हात घातला तर रुमालाऐवजी सकाळी साहेबांकडे नेलेला चौदा निरोपांचा गठ्ठा हाताला लागला.

"श्रोतेहो," मी म्हणाले, "सलामीचे जवान कसे ताठ उभे आहेत! दोन तास झाले, हलले नाहीत. अगदी म्पाटिरा शाळेच्या त्या सिमेंटच्या पोत्यांसारखे, जी काल रेल्वे स्टेशनवर येऊन पडलीत आणि हेडमास्तर बेन्सन म्कांडावीरे सोमवारी बैलगाडी पाठवतील म्हणून वाट बघतायत."

फेस्टनने डोळे उघडले.

"आणि या नाचणाऱ्या महिला! काय त्यांची चपळाई! कावुझीच्या जेनेतीआजीसुद्धा लवकरच अशाच नाचतील, कारण त्यांचं ऑपरेशन काल नीट पार पडलंय आणि घरच्यांनी काळजी करू नये, फक्त शनिवारी मऊ खिचडीसारखं काहीतरी घेऊन यावं."

साहेबलोकांच्या मंडपातून आमचा टेलिफोन खणखणला. फेस्टनने उचलला. पलीकडून न्यिरोंगोसाहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता: "ही बाई सिमेंट कुठून आणतेय? कोण जेनेती?" फेस्टनचा चेहरा अगदी भोळा झाला. "हॅलो? हॅलो साहेब? काही ऐकू येत नाही. हॅलो?" आणि त्याने रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला. मग माझ्याकडे बघून पुन्हा बोट गोल फिरवलं.

मग काय, मला कोण आवरतंय! वाद्यवृंदातल्या तुतारीवाल्याच्या गालांवरून मी कारोंगाच्या जुळ्या बाळांची खबर दिली, वजनासकट. मंत्र्यांच्या काळ्या गाड्यांवरून एका माणसाला त्याची हरवलेली म्हैस पोलीस चौकीत बांधलीय हे कळवलं. एका मंत्र्याच्या पत्नीच्या टोपीवरून मरणाची एक खबरही दिली, पण ती टोपी गंभीर होती आणि मी आवाज खाली आणला. त्या खबरीत सहा नावं होती, सहावं लाल पेन्सिलने खोडलेलं. मी सहाही वाचली.

तेरा निरोप संपले. चौदावा हातात होता आणि माझी वाचाच बसली. दुसऱ्यांच्या म्हशी पोचवणारी मी, स्वतःच्या भावाचं नाव तोंडातून निघेना. कशाच्या आड घालू? कोणत्या टोपीच्या, कोणत्या छत्रीच्या? नऊ वर्षांपूर्वी त्याला मोठ्या नावांच्या मागे लपवला होता, आता परत कशाच्या तरी मागेच? मी तो कागद खाली ठेवला आणि चौथ्यांदा गालिच्याची लांबी सांगितली.

अडीचला विमान आलं. उतरलं, वळलं, थांबलं. शिडी लागली. बँडवाल्यांनी वाद्यं ओठाला लावली. महामहिम दोन पावलं पुढे झाले, हात पुढे करून. विमानाचं दार उघडलं आणि सगळीकडे चिडीचूप झालं. उद्या मार्च, परवा मार्च, मग रविवार. मी माईक दोन्ही हातांनी धरला.

"चिवुंडा बेटावर राहणारे, जाळी विणणारे सुझगो कालुआ यांना. दिवंगत मायलिता कालुआ यांचे थोरले चिरंजीव, पहिलं नाव तुमचं. तुमची बहीण तिसेके कळवते की तेम्वाची बोलणी या रविवारी सकाळी आहेत. दादा, माझं चुकलं. ये."

मग बँड सुरू झाला. पाहुणे अध्यक्ष हसत उतरले, मी त्यांच्या बुटांचा रंगही सांगितला म्हणे. मला काही आठवत नाही.

संध्याकाळी न्यिरोंगोसाहेबांसमोर उभी होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते हळू बोलले. "तेरा निरोपांचं मी निभावून नेलं असतं. म्हटलं असतं, बाईला ऊन लागलं. पण मायी, महामहिम हात पुढे करतायत आणि अख्खा देश ऐकतोय 'दादा, माझं चुकलं'? वर काय सांगू मी? कोणाचं काय चुकलं?"

सोमवारपासून मला गाण्यांच्या तबकड्यांच्या कोठारात बसवायचं ठरलं. माईक गेला. घरी जाताना बसमध्ये रडले, खोटं कशाला सांगू. एकोणीस वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी नाहीत. बसमधल्या बाईने माझा आवाज ओळखला, मला केळं दिलं आणि म्हणाली, "मायी, आला का हो तुमचा भाऊ?" म्हटलं, रविवार अजून यायचाय.

रविवारी लुसेकोकडची माणसं नऊलाच येऊन चटईवर बसली. त्यांच्या बाजूने बोलणारे झिम्बा नावाचे गृहस्थ होते, कोरडे ठणठणीत, हसणं म्हणजे पाप समजणारे. आमच्या बाजूला मामाचं तीन पायांचं स्टूल रिकामं. दहा वाजले. चहा झाला. अकरा वाजले. दुसरा चहा झाला, तो कोणी प्यायला नाही. तेम्वा आतल्या खोलीत हिरवा चितेंगे नेसून दाराच्या फटीतून रस्त्याकडे बघत होती. नवरा माझ्या कानाशी पुटपुटला, "शिंप्याला बोलावू का? घरीच आहे तो." मी नुसतं बघितलं, त्याने तंबाखू काढली.

"ऊन डोक्यावर आलं की आम्हाला उठावं लागेल," झिम्बा म्हणाले. "रिकाम्या स्टुलाशी बोलायची आमच्याकडे पद्धत नाही."

"थोडं थांबा," मी म्हणाले. एवढी वर्षं माझा आवाज कधी फुटला नव्हता, तो तेव्हा फुटला.

ते गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले आणि फाटकाचा कर्रकन आवाज झाला. सुझगोदादा. केस पांढरे झालेले, पायांना चिखल, खांद्यावर सुक्या उसिपा मासळीची टोपली, आणि गळ्यात फडक्यात गुंडाळलेला त्याचा जुना रेडिओ. मासळीच्या तीन होड्या बदलून आला होता, हे नंतर कळलं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. टोपली माझ्या हातात दिली, मात्र देताना माझी बोटं घट्ट दाबली, दुखेपर्यंत. मग सरळ जाऊन स्टुलावर बसला. आत तेम्वाने किंकाळीच फोडली. झिम्बांनी तिकडे रागाने बघितलं आणि परत खाली बसले.

घसा खाकरून, रीतीप्रमाणे, त्यांनी पहिला प्रश्न विचारला. "मुलीच्या बाजूने बोलायला कोण आलंय? आपलं नाव सांगा, आणि आपण कोणाचे कोण, ते सांगा."

दादाने गळ्यातला रेडिओ काढला, समोर चटईवर नीट ठेवला आणि हातांची घडी घातली.

"नाव?" तो म्हणाला. "का हो, तुमच्या घरी रेडिओ नाही?"