सिंगल बेल

अक्कलकोट सुटलं तशी राजनंदिनीने मागच्या बाकांवरची तिकिटं अर्धवट सोडली आणि कंडक्टरची बॅग सावरत ती पुढे आली. मागून एकाने हात वर केला, "ओ म्याडम, आमचं तिकीट?" "आले, आले," ती म्हणाली, पण वळली नाही. ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला धरून ती उभी राहिली आणि वरच्या आरशात बघू लागली. आरशात बिरप्पामामांचे डोळे दिसत होते. उघडे होते.

"मामा, जेवलात का नीट?"

"व्हय की. तूच बसलीवतीस न्हवं शेजारी?"

काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलत होती आणि ते मामांनाही कळत असावं. गेला आठवडाभर हे असंच चाललं होतं. दुधनीची गाडी दुपारच्या उन्हात त्या लांबलचक सरळ रस्त्याला लागली की राजनंदिनीचा जीव टांगणीला लागायचा. रस्त्याच्या शेवटी ओढ्यावरचा पूल आणि पुलाच्या अलीकडे कडुनिंबाखाली बिरोबाचं छोटं देऊळ. तेवढं मागे पडलं की ती सुटकेचा निःश्वास टाकून तिकिटं फाडायला मोकळी.

झालं होतं असं की डेपोने यंदा सगळ्या गाड्यांत ड्रायव्हरच्या समोर एक कॅमेरा बसवला. त्यात एआय आहे, ड्रायव्हरचे डोळे जरा जास्त वेळ मिटले की तो मोठ्याने बीप वाजवतो आणि तेवढी क्लिप डेपोत पाठवतो, असं डेपो मॅनेजर सुबोधसाहेबांनी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. ड्रायव्हरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'सासू' ठेवलं. डोळा लागू देत नाही आणि लागला तर लगेच चहाडी करते, म्हणून. हसण्यावारी नेलं खरं, पण तिसरी क्लिप गेली की स्टिअरिंग काढून घेणार, हे कळल्यावर सगळ्यांचं हसू आटलं.

बिरप्पामामांच्या दोन क्लिपा झाल्या. दोन्ही बिरोबाच्या अलीकडच्या.

साहेबांनी बोलावलं तेव्हा राजनंदिनीही सोबत होती. मामा टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तितं आमच्या बिरोबाचं देऊळ हाय. मेंढरं राखायचो तवापासून हात जोडतोय."

सुबोधसाहेबांचा चेहराच खुलला. त्यांच्या घरात देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. देऊळ दिसलं की त्यांचेही डोळे आपसूक मिटायचे.

"बघा! मशीनला आपला देव कुठून कळणार? आपणच शिकवायला पाहिजे," ते म्हणाले. मग राजनंदिनीकडे वळले. "करतात ना हो नमस्कार?"

"हो सर. रोज करतात."

यात खोटं काहीच नव्हतं. मामा रोज उजवा हात कपाळाला लावायचे. पण डोळे उघडे ठेवून. ती नवी असताना त्यांनीच तिला सांगितलं होतं, "स्टिअरिंगवर बसल्यावर डोळं मिटायचं न्हाईत. देवाला कळतंय ते, तो रागवत न्हाय." साहेबांनी डोळ्यांचं विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ती नवी होती तेव्हाच एका दारुड्याने तिचा हात धरला होता. मामांनी मधे कुठे न थांबता गाडी पॅसेंजरांसकट पोलीस चौकीच्या दारात नेऊन उभी केली होती. अशा माणसाची नोकरी आपल्या एका शब्दावर जावी, हे तिच्या जिवावर आलं.

साहेबांनी नकाशावर तेवढा तुकडा खूण करून दिला. सरळ रस्त्यापासून पुलापर्यंत कॅमेरा गप्प राहील, अशी व्यवस्था झाली. वरच्या मीटिंगमध्ये त्यांनी ही गोष्ट कौतुकाने सांगितली, असंही कानावर आलं.

मग मागच्या आठवड्यात मामांची बायको केराबाई डबा घेऊन डेपोत आली. मामा विश्रांतीच्या खोलीत घोरत होते आणि बाकीचे ड्रायव्हर नेहमीसारखी टिंगल करत होते. केराबाई मात्र हसली नाही. राजनंदिनीला बाजूला घेऊन म्हणाली, "रातभर असंच घोरत्यात गं. आन् मदीच श्वास थांबतोय. मी हलवती, तवा परत चालू हुतोय. सकाळी उठत्यात तर झोप झाल्यावानी वाटतच न्हाय म्हनत्यात. कुनाला सांगू नगंस बाई, रिटायर व्हायला दोनच वरसं ऱ्हायल्यात."

तेव्हापासून त्या रस्त्याला राजनंदिनी आरशापासून हलत नव्हती. जिथे मामांचा डोळा लागतो, नेमकी तिथेच सासू मुकी करून ठेवली होती, आणि ती मुकी करण्यात तिचाही हात होता.

"म्याडम, तिकीट देताय का फुकटात नेताय?" मागचा माणूस पुन्हा ओरडला. दोघे-चौघे हसले. पहिल्या बाकावरची कपाळभर कुंकू लावलेली म्हातारीही पैसे पुढे करून बसली होती.

"मामा, ऊन लई हाय नै आज?"

"हाय की."

आवाज ठीक वाटला. ती वळली. म्हातारीचं तिकीट काढलं, सुटे परत दिले. म्हातारी पैसे कनवटीला लावता लावता थबकली आणि तिने हात जोडले. राजनंदिनीने मान वर केली. गाडीतल्या निम्म्या लोकांनी हात जोडले होते, डोळे मिटले होते. बाहेर कडुनिंब दिसत होता.

तिने आरशात बघितलं. मामांचेही डोळे मिटलेले. पण हात कपाळाला गेला नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंगवर सैल पडले होते आणि गाडी अलगद डावीकडे, पुलाच्या कठड्याकडे सरकत होती. बीप वाजत नव्हता. वाजणारच नव्हता.

तिचा हात वर गेला आणि तिने बेलची दोरी खेचली. एकदाच.

सिंगल बेल म्हणजे थांबा. इतकी वर्षं ती ऐकून मामांचा पाय ब्रेकवर जात आला होता. तो आजही गेला, त्यांचे डोळे उघडायच्या आधी गेला. गाडी कचकन थांबली. डावं चाक खडीत उतरलं होतं आणि कठडा हाताच्या अंतरावर होता.

"आज देवापाशी थांबवली व्हय?" म्हातारी खूश होऊन उठली. "लई बरं केलंस गं बाई. किती दिसांचं मनात हुतं." तिच्यामागे आणखी काही जण उतरले. तिकिटासाठी ओरडणारा माणूससुद्धा चपला काढून देवळात गेला. कुणालाच काही कळलं नव्हतं.

मामा समोर बघत बसले होते. मानेवरून घाम ओघळत होता. राजनंदिनीला रडू येत होतं आणि रागही येत होता, मामांचा कमी, स्वतःचा जास्त.

लोक प्रसादाचा भंडारा कपाळाला लावून परत आले. दार लागलं. गाडी निघण्यासाठी आता डबल बेल द्यायची होती. तिचा हात दोरीवर होता, पण ती ओढवत नव्हती.

"मामा," ती म्हणाली. "देऊ?"

मामांनी किल्ली फिरवून काढली आणि मागे न बघताच तिच्यापुढे धरली.

"नगं. दुसरा डायवर मागव."

ते उतरून आले आणि पहिल्या बाकावर, म्हातारीशेजारी, पॅसेंजरासारखे बसले. म्हातारीने बोटावरचा उरलेला भंडारा त्यांच्या कपाळाला लावला. राजनंदिनीने डेपोचा नंबर लावला. रिंग वाजत होती तोवर मामांची मान खिडकीला टेकली आणि ते घोरायला लागले.

"बोला, राजनंदिनी," सुबोधसाहेबांचा आवाज आला. "मॅपवर तुमची गाडी बिरोबापाशी थांबलेली दिसतेय. दर्शन का?"

घोरणं थांबलं. ती फोन कानाला धरून मामांच्या छातीकडे बघत राहिली. छाती हलत नव्हती.

"हॅलो? आवाज येतोय का?"

तिने वाकून मामांचा खांदा हलवला. मग जोरात हलवला. मोठा खरखरीत श्वास आत गेला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

"सर," ती म्हणाली, "मामा नमस्कार करताना डोळे मिटत नाहीत."