‘घाई नको’ गाण्यातली उचकी

दुपारची सामसूम होती. स्वयंपाकघरात स्टीलची वाटी हातातून निसटली आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिली. ती थांबेपर्यंत माझ्या उरलेल्या चार तारा बारीकशा थरथरल्या. कोणाला ऐकू गेलं नसेल. हल्ली मला एवढंच वाजता येतं.

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो. नाशिकमधल्या दोन खोल्यांच्या घरात, लोखंडी कपाटावर, फाटक्या सुटकेसला टेकून पडलेली. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण ऐकलं नक्की आहे. ‘घाई नको’ हे गाणं तुमच्या घरात कोणाच्या ना कोणाच्या फोनमध्ये असेलच. सुरुवातीला बाळाची उचकी येते आणि मग हळूच गिटार सुरू होते ना? ती गिटार मी.

माझा जन्म कुठं झाला ते नीट आठवत नाही. भुशाचा वास, सरसाचा वास आणि पाठीवरून फिरणारा पॉलिशपेपर, एवढंच आठवतं. मग नाशिकच्या एका दुकानात खूप दिवस भिंतीवर टांगलेली होते. साधना कॉलेजात होती. द्राक्षांच्या हंगामात पॅकहाऊसमध्ये काम करून तिनं मला घेतलं आणि एसटीत मांडीवर बसवून निफाडला घरी नेलं.

तिच्या आईनं, लंकाबाईंनी, मला उलटंपालटं करून पाहिलं. “हे काय आणलंस? याच्यात पाणी तरी भरता येतं का?”

“आई, तंबोराच हे हा,” तिचा भाऊ महेश म्हणाला, “फक्त जीन्स घातलेला.”

साधनेची बोटं सोलली, दुखली, घट्ट झाली. पण तिनं मला कधी बडवलं नाही. तिच्या हाताला जोरात वाजवणं माहीतच नव्हतं. पुढे शेखरशी लग्न झालं. तो सिन्नरच्या कंपनीत होता, म्हणून दोघं नाशिकला राहिली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, तेव्हा तिच्या सामानाबरोबर मीही आले. मुलगी झाली. काळंभोर जावळ, आणि सारखी उचकी.

मित्रांनो, बाळ पाच दिवसांचं झालं की सटवाई येते आणि त्याचं नशीब लिहून जाते, असं आमच्याकडे मानतात. म्हणून पाटावर पूजा मांडून जवळ एक कोरा कागद आणि पेन ठेवतात. त्या दिवशी दिवेलागणीला पूजा झाली आणि बायका पलीकडे जेवायला बसल्या. बाळ कुरकुरायला लागलं. त्याला थोपटता थोपटता साधनेला काही ओळी सुचल्या. त्या विसरायच्या आत लिहायला हव्या होत्या. हाताशी दुसरं काही नव्हतं. तिनं पाटावरचं पेन उचललं आणि त्या कागदावर लिहिलं:

घाई नको गं, घाई नको,
नाव तुझं ठरायचंय अजून,
जग काही पळून जात नाही,
घे ना अजून जरा निजून.

लंकाबाई खरकटा हात घेऊन दारातच थबकल्या. “अगं, हे काय केलं? तो कागद सटवाईचा हे! कोराच लागतो तो!”

“आई, चारच ओळी आहेत गं. मागची बाजू कोरी आहे ना.”

“ती काय पाठपोट बघत बसती का?”

सगळ्या बायका हसल्या. साधनाही हसली. मलासुद्धा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी तिनं मला मांडीवर घेतलं आणि बाळाशेजारी बसून ते गाणं पहिल्यांदा पूर्ण म्हटलं. बाळ दचकू नये म्हणून तारांना नुसतं कुरवाळत होती. महेशचा लग्नांना साउंड लावायचा धंदा. त्यानं फोन समोर धरला होता. बरोबर सुरुवातीलाच बाळाला उचकी लागली.

“कोण आठवण काढतंय गं तुझी एवढी?” महेश म्हणाला. “मामा तर इथंच बसलाय!”

बारशाला सगळ्यांना चकित करायचं म्हणून त्यानं त्या आवाजाला मागून संथ ड्रम दिला, खालून बेसचा ठेका दिला. उचकी कापता आली असती, त्यानं कापली नाही. रॉक संगीताला इतक्या हलक्या पावलांनी चालताना मी तेव्हाच पाहिलं.

दहाव्या दिवशी बाळाला ताप भरला. नाशिकला दवाखान्यात नेलं. अकराव्या दिवशी साधना परत आली, तेव्हा तिच्या हातात नुसतं दुपटं होतं. स्वयंपाकघरात बारशाच्या घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत पडले होते. नाव ठरायचं राहूनच गेलं.

कागदाबद्दल लंकाबाईंनी नंतर एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. साधना त्यांच्याशी भांडली असती, रडली असती. न बोललेलं तिला रोज ऐकू येत राहिलं.

वर्ष झाल्यावर महेशनं ते गाणं इंटरनेटवर टाकलं. “तिची एक तरी खूण राहू दे,” एवढंच म्हणाला. साधना होही म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

मग काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. गाणं निफाडातून नाशिकात गेलं, नाशिकातून कुठं कुठं गेलं. लोकांना वाटलं, हे प्रेमाचं गाणं. नवरा-नवरी त्यावर पावलं टाकत स्टेजवर येऊ लागली. गंगापूर रोडच्या हॉटेलांत पोरं गिटार घेऊन ते म्हणू लागली, उचकीसकट. मुद्दाम काढलेल्या त्या उचक्यांना टाळ्या पडायच्या.

दुसऱ्या मुलीच्या, आरोहीच्या, पाचवीला लंकाबाई कागदापाशी स्वतः राखण बसल्या. आरोही दहा महिन्यांची असताना नाशिकच्या एका सभागृहात साधनेचा सत्कार झाला. मलाही पुसून नेलं होतं. गाणं कधीचं हे माहीत नसलेल्या निवेदकानं पहिल्या रांगेत शेखरच्या मांडीवर आरोही पाहिली आणि विचारलं, “ताई, गाण्यातली ती गोड उचकी हिचीच ना?”

सभागृह हसत होतं. कॅमेरे आरोहीकडे वळले होते. शेखरनं मान खाली घातली. आणि साधनेनं होकारार्थी मान हलवली.

तेवढ्या एका क्षणात तिच्या पहिल्या मुलीकडे उरलेली एकुलती एक गोष्टही गेली.

घरी आल्यावर मी कपाटावर गेले ती गेलेच. आरोहीला साधना न्हाऊमाखू घालते, भरवते, कुशीत घेते. पण तिच्यासाठी एक ओळ तिनं आजवर गुणगुणलेली नाही. तिला आपल्याच ओळींची भीती वाटते. माझी मान वाकली, दोन तारा गंजून तुटल्या. शेखर कधी कधी स्टुलावर चढून धूळ पुसतो आणि साधनेकडे न बघताच उतरतो.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य असंच पडून असेल, तर ते खाली काढा. बेसूर वाजलं तरी चालेल. आणि कोणी गाणारं माणूस गप्प झालं असेल, तर त्याला गाण्याचा आग्रह करू नका, आधी त्याच्याजवळ नुसतं बसा. माझ्या साधनेजवळ कोणी बसलं नाही. सगळे तिच्याबरोबर फोटो काढत होते.

आज आरोही शाळेतून उड्या मारत आली. पहिलीच्या वर्गाचा गॅदरिंगला ‘घाई नको’वर नाच आहे.

“आई, बाई म्हणाल्या, आरोहीनं पुढे उभं राहायचं. तिचंच गाणं आहे ते!”

साधना भाजी निवडत होती. “हो का,” म्हणाली.

“सगळ्यांना सांगितलं मी, उचकी माझीच आहे. वर्गातला रुद्र म्हणाला, काढून दाखव. मला येईचना!” ती खुदकन हसली. मग हसू विरलं. मान वर करून ती माझ्याकडे बघत राहिली.

“आई, मी एवढीशी होते तेव्हा तू मला गाणं म्हणायचीस ना? हीच वाजवायचीस ना?”

साधनेनं मेथीची पुढची काडी उचलली.

आरोही तिच्याजवळ सरकली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाली, “मग मी नंतर असं काय केलं गं, की तू गायचंच बंद केलंस?”