भर उन्हात घामाघूम लोटा

छत्रीवाल्यांच्या गल्लीत भर दुपारी दोनशे माणसं छत्र्या उघडून उभी होती. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. मधोमध स्टुलावर एक पितळी लोटा, तोंड मेणाने बंद केलेलं, आणि त्याला बाहेरून दरदरून घाम फुटलेला.

"हे आभाळाचे अश्रू!" पावसाची भाकितं सांगणारे ढगमहाराज गरजले. "भोक नाही, भेग नाही, तरी लोटा ओला! तीन दिवसांत पाऊस. शिवा छत्र्या!"

छत्र्या शिवणाऱ्या भावाचा डबा घेऊन आलेली, बर्फाच्या कारखान्यातली मुकादमबाई जागीच थबकली. हाच लोटा सकाळी तिच्या नवऱ्याच्या मिठाच्या अंगणात ठणठणीत कोरडा होता. "पाऊस बांधून टाकलाय," महाराज तिथे म्हणाले होते. "आता मीठ झाकाल तर तो माझ्यावर अविश्वास." मीठवाल्यांनी सगळ्या ताडपत्र्या त्यांच्या पायाशी आणून टाकल्या, आणि महाराजांनी त्या हातगाडीवर लादून नेल्या. वर्षभराच्या मिठाचे ढीग उघडे पडले. एक सर आली की तिच्या घराचं अख्खं वर्ष गटारात वाहून जाणार होतं.

हे सोंग इतके दिवस टिकलं, कारण हंगामात छत्रीवाले आणि मीठवाले एकमेकांशी बोलतच नसत. एकाला पाऊस हवा, दुसऱ्याला नको. त्यात नजर लागायची भीती. तिचा भाऊ आणि नवराही रस्त्यात तोंड फिरवत. ज्या गल्लीचं भाकीत खरं ठरे ती महाराजांना हार घाली. दुसरीला सांगितलं जाई, "तुमच्यात कुणीतरी शंका घेतली."

मुकादमबाईने लोट्याला हात लावला. रोज बर्फाच्या लाद्या हाताळणाऱ्या तळव्याने गारवा लगेच ओळखला. तिने लोटा सरळ काखेत मारला.

"ताई, भस्म व्हाल!" महाराज ओरडले.

"होऊ दे. निदान ऊब तरी येईल."

ती पुढे, मागे महाराज, त्यांच्यामागे दोनशे उघड्या छत्र्या, अशी वरात मिठाच्या अंगणात शिरली. तिने सुरीने मेण उचकटलं. आतून बर्फाचे खडे पडले, भुशासकट.

"स्वर्गातला बर्फ!" महाराजांनी हात जोडले.

"स्वर्गात लाकडाचा भुसा असतो? आमच्या कारखान्यात असतो. लाद्या त्यातच ठेवतो आम्ही."

तिने काचेच्या पेल्यात खडे टाकले. बघता बघता पेल्यालाही घाम फुटला. "हवेत वाफ असतेच. गार भांडं दिसलं की त्यावर तिचं पाणी होतं. सकाळी बर्फ नव्हता, म्हणून लोटा कोरडा."

"मग पाऊस येणार की नाही?" नवऱ्याने विचारलं.

"अहो, मला नाही माहीत. यांनाही नाही. म्हणून तर झाकायचं!"

"पण ताडपत्र्या?"

त्या सकाळीच बाहेरगावच्या व्यापाऱ्याला विकून टाकल्या, हे महाराजांना कबूल करावं लागलं. तेवढ्यात भाऊ पुढे आला आणि कित्येक वर्षांनी हंगामात बोलला, "दाजी, छत्र्या आहेत."

संध्याकाळपर्यंत मिठाच्या डोंगरांवर छत्र्यांचं रान उगवलं. चौथ्या दिवशी पाऊस कोसळला. मीठ वाचलं, छत्र्याही खपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गल्ल्या हार घेऊन मुकादमबाईच्या दारात. कुणीतरी तो काचेचा पेलाही पूजेसाठी पाटावर मांडला होता.

ती भडकली. "हार परत न्या! मीठ छत्र्यांनी वाचवलं, आणि तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात म्हणून वाचलं. कोणी चमत्कार दाखवला तर पाया पडू नका, हात लावून बघा. आणि तो पेला इकडे द्या, मला पाणी प्यायचंय."