वारा नसलेलं शेत

राग यायला मला नेहमी उशीर होतो. समोरचा माणूस निघून जातो, मी घरी येतो, चहा होतो, आणि मग काय बोलायला हवं होतं ते एकेक आठवू लागतं. दारव्ह्याच्या वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. तिथं आवाज चढवायची वेळच आली नाही. त्यामुळे अय्यूबच्या दुकानात जे झालं त्यात माझा दोष किती, हे मला आजही नीट ठरवता येत नाही. राग मात्र गेलेला नाही.

अय्यूब फवारणीचे पंप दुरुस्त करतो. त्याची मुलगी अतिया अमरावतीहून कॉम्प्युटर शिकून आली आणि बापाच्या अर्ध्या दुकानात तिनं गेम खेळायची जागा उघडली. डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर दुसरंच जग. गावात सगळे त्याला डबा म्हणत. डब्याची वायर पायात येऊ नये म्हणून अय्यूबनं ती सायकलच्या ट्यूबनं छताच्या हुकाला टांगली होती. घामानं भिंगं धुरकट होत, म्हणून प्रत्येकाच्या कपाळाला धुतलेला सुती रुमाल बांधायचा. भोवळ येणाऱ्यांसाठी कोपऱ्यात बादली. लाइट गेली की आतला माणूस अंधारात हात हलवत उभा. मीही एकदा घालून पाहिला. चष्म्यासकट बसेना, चष्म्याशिवाय दिसेना.

“चाचा, तुमच्यासाठी वेगळी भिंगं बनवा लागन,” अतिया म्हणाली.

“त्याच्यापरीस वेगळा चाचाच बनव,” अय्यूब पंप उघडता उघडता म्हणाला.

या पोरीनं स्वतः एक गेम तयार केला होता. चारी बाजूंना कपाशी, बोंडातून गुलाबी अळी डोकं काढते, आणि हातातल्या नळीनं तिला टिपायचं. आदल्या हंगामात याच अळीनं जिल्ह्यातली बोंडं पोखरली होती आणि फवारणारी माणसं विषबाधा होऊन यवतमाळच्या दवाखान्यात भरती झाली होती. म्हणून अतियाच्या गेममध्ये आधी तोंडाला मास्क बांधावा लागे. नाही बांधला तर पडदा धूसर होत जाई आणि खेळणारा हरे. मला ते फार आवडलं होतं. तिला मी तसं सांगितलं नाही.

फवारणीची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीच्या माणसानं तो गेम पाहिला. गावोगावच्या शेतकरी मेळाव्यांत तो फिरवायचा, पहिल्या पडद्यावर अतियाचं नाव, पुढचे गेमही तिच्याकडूनच, असं त्याचं म्हणणं. दारव्ह्यातल्या अर्ध्या दुकानात बसलेल्या मुलीला आणखी काय हवं? अट इतकीच, की मास्क काढायचा आणि कंपनीची बाटली घालायची. “मास्कमुळे खेळ रेंगाळतो,” तो म्हणाला. अतियानं दोन दिवस गेमला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मास्क काढला.

कंपनीच्या जाहिरातीच्या मजकुराचा कागद शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आला. त्यात एक ओळ होती : ‘मास्कची कटकट नाही, बिनधास्त फवारा!’ त्यातला स्वल्पविराम माझा आहे. मी ओळ वाचली, स्वल्पविराम दिला आणि कागद परत केला. आपल्याला शेतीतलं काय कळतं, असं मनाशी म्हणालो.

बाजाराच्या दिवशी कंपनीचा माणूस प्रयोग बघायला आला. त्याला खेळायला खराखुरा फवारणारा हवा होता. तेवढ्यात जीवन आला, जवळच्या तांड्यावरचा, दुसऱ्यांच्या वावरात फवारणीला जाणारा. त्याचा पंप मागच्या हंगामापासून अय्यूबकडेच पडून होता. तो न्यायला आला होता. त्याला डबा चढवला.

“आयला! बोंडं तं जबरी लागली!” जीवन म्हणाला.

अळ्या निघू लागल्या. जीवन नळी उचलेना. तो खाली वाकला. बोटं फरशीवर आपटली. पुन्हा वाकला. मग चिमूट छातीजवळ धरून बोटं चोळली आणि थांबला.

“अरे, अळ्या समोर आहेत! खाली काय शोधतोस?” कंपनीचा माणूस म्हणाला.

“माती, साहेब.”

“माती कशाला?”

“वारा पाहाले. चिमूटभर सोडाची, कोनीकडे उडते ते पाहाचं, मंग वावरात शिराचं. वारा तोंडावर असला तं कोन फवारते?”

“गेममध्ये वारा नसतो. मार तू बिनधास्त.”

जीवननं डबा काढला. त्याचा डावा डोळा पाणावलेला होता. तो आता कायमच तसा असतो. “बिनवाऱ्याचं वावर मी कुठंच नाही पाह्यलं,” तो म्हणाला. “मागच्या साली दुपारून वारा फिरला. मालक घाई करून राह्यलता. माती नाही पाह्यली मी. नऊ दिवस दवाखान्यात होतो.”

“म्हणजे चूक तुझीच ना?” कंपनीचा माणूस हसला. “आम्ही हेच सांगतो. औषध चांगलंच असतं, चूक मारणाऱ्याची असते.”

माझा राग आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आला. “तुम्हीच लिहिलंय ना, बिनधास्त फवारा म्हणून?” मी म्हणालो. आवाज चिरकला. “मी ती ओळ तपासलीय. खोटी आहे. मला तेव्हाच कळत होतं.”

“काका, तुम्हाला गेममधलं काय कळतं?”

ते खरंच होतं.

अतिया कॉम्प्युटरसमोरून उठली नाही. “जीवनभाऊ,” ती म्हणाली, “दुपारून वारा कसा फिरते ते मले सांगा. हळूहळू का एकदम?” मग पाठमोरीच कंपनीच्या माणसाला म्हणाली, “मास्क परत टाकते. वारा बी टाकते. तुमची बाटली राहू देते. वाऱ्यासमोर मारली का खेळणारा मरन. चालते?”

“नागपुरात आठ दिवसांत दुसरा बनवून घेतो मी.”

“घ्या.”

तो गेला. अय्यूब बराच वेळ एकच नट फिरवत होता. शेवटी म्हणाला, “बेटा, मालूम आहे ना काय सोडलं तू?”

“मालूम आहे, अब्बा.”

अतियाच्या गेममध्ये आता वारा आहे. मुलं कंटाळून निघून जातात, सारखी हरतात म्हणून. तांड्यावरचे फवारणारे मात्र कधीकधी येतात आणि तिच्याशी वाऱ्यावरून वाद घालतात.

पोळ्यानंतर भाचीकडे उमरखेडला गेलो होतो. बसस्टँडजवळ कंपनीचा मांडव होता. आठ डबे, जनरेटर, माणसांची रांग. बॅनरवर ती ओळ, माझ्या स्वल्पविरामासकट.

मी रांगेत उभा राहिलो. परत फिरावं असं दोनदा वाटलं. माझी पाळी आली.

“आजोबा, चष्मा काढा,” मांडवातला माणूस म्हणाला.

“वारा कुठून आहे?” मी विचारलं.

“काय?”

“या शेतात वारा कुठून आहे, ते सांगा आधी!”

मी ओरडलो होतो. मागे कोणीतरी हसलं. “म्हातारा सटकला वाटते.” पण रांगेतला एक काळासावळा माणूस हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बॅनरकडे पाहिलं, वाकून रस्त्याकडेची चिमूटभर माती उचलली आणि डोळ्यांसमोर धरून सोडली.

माती सरळ आमच्या तोंडावर आली. तो रांगेतून बाहेर पडला.