सोमलिंग आप्पांना सातवा महिना

सोमलिंग आप्पांना सातवा महिना लागल्याचं त्यांच्या बायकोला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी समजलं. आप्पा अंघोळीला गेले होते आणि फोन गॅसच्या ओट्यावर होता. शिवगंगाबाईंनी चष्मा लावून मेसेज वाचला, दुधाखालचा गॅस बारीक केला आणि न्हाणीच्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "अवो, ऐकलं का? तुमाला सातवा लागला म्हनं. अभिनंदन केलंय. पायाला सूज आली का बघा म्हनत्यात."

आतला पाण्याचा आवाज थांबला. "नाव काय लिवलंय?"

"प्रिय रुग्ण राजनंदिनी."

"टाकरवणची. सत्यभामाबाईची सून. कधी बोलावलंय?"

"मंगळवारी."

"बरं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी पुढचा तांब्या अंगावर घेतला.

एकसष्ट वर्षांच्या पुरुषाला सातवा महिना लागावा, याचं त्या घरात नवल राहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात आप्पांना दोनदा उपाशीपोटी साखर तपासायची होती, एकदा पायाचं ड्रेसिंग बदलायचं होतं आणि साडेतीन महिन्यांचे झाल्याबद्दल लस टोचून घ्यायची होती.

माजलगावात मोंढ्याच्या रस्त्याला केदारनाथ डॉक्टरांचा दवाखाना आहे. खाली तपासणी, वर दहा खाटा. एकतीस वर्षं डॉक्टर नाडी बघत आले आणि बाकी सगळं आप्पा बघत आले. नंबर लावणं, केसपेपर सांभाळणं, परवान्याची मुदत, कचऱ्याची पिवळी पिशवी, ऑक्सिजनची टाकी, सिस्टरच्या रजा, आणि 'मी साहेबांचा खास माणूस' असं सांगत पुढं घुसणाऱ्याला 'खास लोक मागं बसत्यात' असं सांगून मागं बसवणं. काउंटरवर 'व्यवस्थापक' अशी पाटी होती. ती आप्पांनी स्वतःच रंगवून आणलेली. डॉक्टरांनी ती काढायला सांगितली नाही, म्हणजे नेमणूक झाली, असं आप्पा धरून चालले होते.

मग दिवाळीनंतर डॉक्टरांची सून आली. अपेक्षा मॅडम. पुण्याहून दवाखाना चालवण्याची पदवी घेऊन आलेल्या. दवाखाना चालवायची पदवी मिळते हे कळल्यावर आप्पांना आधी आनंद झाला, कारण एकतीस वर्षं आपण जे करत होतो ते शिक्षण होतं हे त्यांना माहीतच नव्हतं. मॅडम हुशार होत्या, रागीट नव्हत्या. आठ दिवस त्यांनी नुसतं बघितलं, नवव्या दिवशी कॉम्प्युटर आणला आणि काउंटरवर स्वप्नाली नावाची चुणचुणीत मुलगी बसवली.

"आप्पा, आता पेशंटला तारीख लक्षात ठेवायला नको," मॅडम म्हणाल्या. "आपल्यालाही नको. सॉफ्टवेअर आपोआप मेसेज पाठवेल. तीन महिने बघू. चाललं, तर एक एप्रिलपासून काउंटरवर एकच माणूस पुरेल."

तो एक माणूस कोण, हे त्या बोलल्या नाहीत. आप्पांनी विचारलं नाही. स्वप्नालीनं लाजून की-बोर्ड पुसला.

घोळ झाला तो पहिल्याच सोमवारी. बाजारचा दिवस, रांग पार रस्त्यापर्यंत. स्वप्नाली जेवायला गेलेली, म्हणून आप्पा कॉम्प्युटरपुढं बसले. नाव घातलं, गाव घातलं, आणि यंत्रानं मोबाईल नंबर मागितला.

"बाई, मोबाईल?"

"मालकासंगं गेलाय की कर्नाटकात, ऊसतोडीला."

"मालकाचा नंबर सांगा."

"तिकडं गेल्यावर कार्ड बदलत्यात."

दुसरीचा फोन सासऱ्याकडं, तिसरीचा लेकाकडं आणि लेक चाकणला. चौथ्याला नंबर पाठ नव्हता, तो म्हणाला, "मी मलाच कशाला फोन लावतोय?" दहा आकडे भरल्याशिवाय यंत्र काही पुढं सरकेना. मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, आमी बरं होऊन घरी जायाचं का?" तेव्हा आप्पांनी त्यांना एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं इतकं सोपं उत्तर शोधलं. त्यांनी स्वतःचा नंबर टाकला. यंत्र खूश झालं. मग पुढच्यालाही तोच. स्वप्नालीनंही ती युक्ती उचलली. तिला वाटलं, इथं अशीच पद्धत असावी.

आठ दिवसांनी आप्पांच्या फोनवर आजार यायला लागले.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं फोन बंद केला असता. पण त्या भागात एक रीत आहे: कुणाचा सांगावा तुमच्या हाती आला, की तो पोचवल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. मग तो लग्नाचा असो की माणूस गेल्याचा. सॉफ्टवेअरनं सांगावा आप्पांच्या हाती दिला होता. आप्पांनी तो पोचवायला सुरुवात केली. पात्रुडला दूधसंकलनावर, दिंद्रुडला पिठाच्या गिरणीत, आणि टाकरवणकडं काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या सटवाकडं.

बाईमाणसाचं दुखणं भरल्या जीपमध्ये ओरडायचं नसतं, हे आप्पांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी खुणेचे शब्द ठरवले. गरोदर बाईला 'शेवया'. साखरेच्या पेशंटला 'गूळ'. लसीच्या लेकराला 'खारीक'. टी.बी.ला मात्र त्यांनी शब्द ठेवला नाही. त्या घरी ते स्वतः मोटरसायकलवर जात आणि पाणी पिऊन येत.

त्या दिवशी स्टँडवर त्यांनी सटवाला गाठलं. "टाकरवणला सांग, सत्यभामाबाईच्या सुनेला मंगळवारी शेवयाला बोलावलंय."

"आप्पा, लोक म्हनत्यात, आप्पाच्या घरी रोजच शेवया. एवढ्या खातंय कोन?"

"तू सांगावा सांग बे. खायाचं मी बघतो."

राजनंदिनी मंगळवारी आली. रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी दोन दिवस वरच्या खाटेवर ठेवून घेतलं, गोळ्या सुरू केल्या आणि दर आठवड्याला यायची ताकीद दिली. दर आठवड्याला मेसेज आला, दर आठवड्याला शेवया झाल्या.

फेब्रुवारीअखेर मॅडमनी छापील तक्ता काढून डॉक्टरांपुढं ठेवला. बोलावलेल्या शंभरातले चौऱ्याण्णव पेशंट तारखेला हजर. "पुण्यातसुद्धा साठावर जात नाही, बाबा! सॉफ्टवेअर कमाल आहे."

आप्पा चहा घेऊन आत आले होते. त्यांनी तो आकडा ऐकला, कप ठेवला आणि बाहेर आले. त्यांना गणित कळत होतं. जितके सांगावे ते जास्त पोचवतील, तितकं यंत्र शहाणं ठरणार, आणि यंत्र शहाणं ठरलं की आप्पांची खुर्ची जाणार. पोचवणं आठवडाभर थांबवलं असतं, तर चौऱ्याण्णवाचे चाळीस झाले असते आणि खुर्ची शाबूत राहिली असती. हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. तो आला, समोरच्या बाकावर थोडा बसला, आणि नंबर लागायच्या आत उठून गेला.

त्याला कारण सत्यभामाबाईच्या पायाचं बोट. मागच्या वर्षी पायाला जखम झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "आप्पा, हिला पंधरा दिवसांनी बोलावून घ्या." आप्पांनी चिठ्ठी लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवली. सदरा धुण्यात गेला. महिन्यानं बाई आली तेव्हा करंगळी काढावी लागली. तिनं कुणाला दोष दिला नाही. उलट आप्पांनाच धीर दिला, "जाऊ द्या की, चपलीला चार बोटं बी पुरत्यात." डॉक्टरांनीही कधी विषय काढला नाही. पण तेव्हापासून आप्पा खिसे तपासल्याशिवाय सदरा काढत नसत, आणि तरी तारखा निसटत होत्या. पहिल्या आठवड्यातले ते मेसेज वाचून त्यांना आधी हसू आलं होतं, आणि मग एकदम हलकं वाटलं होतं. हे यंत्र विसरत नाही. त्याला खिसाच नाही. येत्या दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालायचा, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आपण त्या दसऱ्याला इथं नसलो तर स्वप्नालीला सांगून ठेवायचं.

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात राजनंदिनी वरच्याच खाटेवर सुखरूप बाळंत झाली. मुलगा, पावणेतीन किलो. आणि त्याच आठवड्यात आप्पांच्या टेबलावर शालीचं बिल आलं. दवाखान्याची सगळी बिलं त्यांच्याच सहीनं जात. 'शाल एक, श्रीफळ एक, कार्यक्रमासाठी'. कुणाचा कार्यक्रम, हे लिहिलं नव्हतं. आप्पांनी शाल उलगडून पाहिली, पोत चाचपला, आणि दुकानदाराला फोन लावला.

"रामेश्वरशेठ, ह्या शालीचे एवढे कावून लावले? गेल्या साली ह्याच्यापेक्षा बरी दिलीवती."

चाळीस रुपये कमी करून त्यांनी बिल पास केलं, शाल नीट घडी करून कपाटात ठेवली आणि नारळ हलवून पाणी आहे का ते बघितलं. होतं.

तीस मार्चला सॉफ्टवेअर कंपनीचा विजयसिंह नावाचा माणूस पुण्याहून आला. चौऱ्याण्णव टक्के कुठून येतात हे त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं. मॅडमच्या खोलीत त्यानं लॅपटॉप उघडला आणि यादी वरपासून खालपर्यंत दोनदा सरकवली.

"मॅडम, तुमचे सहाशे बारा पेशंट आहेत. त्यातल्या चारशे सदतीस जणांचा मोबाईल नंबर एकच आहे."

"असं कसं असेल?"

"मलाही तेच विचारायचंय."

मॅडमनी तो नंबर स्वतःच्या फोनवर लावला. बाहेर काउंटरवर रिंग वाजली.

"हालो, कोन?" हे मॅडमना कानातही ऐकू आलं आणि दारातूनही.

"आप्पा, जरा आत या."

"आलो," आप्पा म्हणाले. मग फोनमध्ये म्हणाले, "ठिवा तुमी, मॅडम बोलवायल्यात. मागनं लावतो."

आत आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे हेच त्यांना वाटत नव्हतं. मॅडमचा चेहरा आधी लाल झाला. "म्हणजे चारशे सदतीस जणांची माहिती खोटी भरलीत?"

"खोटी कशी? तेंचा फोन म्हंजे माझाच की. गाव तेवढं जीपनं जोडलंय."

"मग मेसेज गेले तुम्हाला. पेशंट कसे आले?"

आप्पा उत्तर देणार, एवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला आणि सटवाचा आवाज आला, "आप्पा! टाकरवणच्या दोन शेवया आनि एक गूळ उतरवलाय. खारीक उद्या येतीय, तिला सर्दी हाय!"

विजयसिंहनं खिडकीतून पाहिलं. जीपमधून दोन गरोदर बाया आणि एक काठीवाले आजोबा उतरत होते. त्यांच्यामागून सत्यभामाबाई आल्या. काखेत डबा, चालणं जरा तिरकं. सरळ मॅडमच्या खोलीत शिरून त्यांनी डबा टेबलावर, लॅपटॉपला टेकवून ठेवला.

"ह्या खऱ्या शेवया हायत," त्या म्हणाल्या. "घरी केल्याल्या. आप्पा, तुमी दर आठवड्याला सांगावा धाडला म्हून माजी सून आन् नातू दोगंबी हायत. न्हाईतर ती म्हनत हुती, डोकंच दुकतंय, त्येला काय दवाखाना."

"माझं काय न्हाई त्यात," आप्पा घाईघाईनं म्हणाले आणि लॅपटॉपकडं बोट केलं. "ह्यानं आठवन केली. मी नुसतं पोचवलं. मी तर तुमचं बोट इसरलेला मानूस."

"बोटाचं काडू नका," सत्यभामाबाई म्हणाल्या. "नातवाला धा हायत, मोजून घेतल्यात."

मॅडमनी तक्ता उचलला, चौऱ्याण्णववर नजर फिरवली आणि उलटा ठेवला. मग विजयसिंहला विचारलं, "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये संपर्क कसा करायचा, असा एक कप्पा आहे ना? एसएमएस, व्हॉट्सॲप, ईमेल. त्यात एक नाव वाढवता येईल?"

"येईल. काय टाकू?"

"सोमलिंग आप्पा."

विजयसिंहनं टाकलं. मग त्यानं आणखी कुठल्या दवाखान्यांना हा पर्याय देता येईल, असं विचारलं. आप्पा म्हणाले, "सध्या एकच नग हाय."

तेवढ्यात डॉक्टर बाहेरच्या खोलीतून डोकावले. "पाहुणे पुण्याहून आलेत, अन् तसेच पाठवता? सत्कार नाही करायचा?"

बीड जिल्ह्यात पाहुण्याला सत्काराशिवाय सोडण्यापेक्षा जेवणाशिवाय सोडलेलं परवडतं. पण आयत्या वेळी शाल कुठली? मॅडम काही बोलायच्या आत आप्पा उठले, कपाट उघडलं, शाल-नारळ काढला. मॅडमनी मान खाली घातली. आप्पांनी शाल झटकली, विजयसिंहच्या खांद्यावर दोन्ही बाजूंनी सारखी पाडली, नारळ हातात दिला. "पानी हाय ह्यात," त्यांनी खात्रीनं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात डॉक्टरांनी.

पाहुणे गेल्यावर मॅडम काउंटरपाशी आल्या आणि 'व्यवस्थापक' पाटीवरची धूळ ओढणीनं पुसत उभ्या राहिल्या.

"आप्पा, ती शाल..."

"चांगली हुती. पोत बगितलावता मी." आप्पा केसपेपर लावत राहिले. "एक तारखेला दुसरी लागंल न्हवं? आज सांगितलं तर शेठ त्याच भावात देईल."

"नको."

"मग बिनशालीचाच करायचा कार्यक्रम?"

"कार्यक्रमच नाही. यंदा शालीला पैसे नाहीत."

"आन् फुडच्या साली?"

"पुढच्या वर्षीही नाहीत," मॅडम म्हणाल्या, आणि पाटी सरळ करत, "आप्पा, मला ती खारीक-गुळाची यादी लिहून द्याल? स्वप्नालीलाही शिकवा."

आप्पांनी मान हलवली आणि रांगेकडं वळून म्हणाले, "चला, कोनाचा नंबर हाय?"

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, आप्पा अंघोळीला गेलेले असताना ओट्यावरचा फोन वाजला. शिवगंगाबाईंनी चष्मा लावला.

"अवो, दीड महिन्याचे झालात. दोनी मांड्यांत सुया हायत म्हनं."

"कोन?"

"राजनंदिनीचं बाळ."

पाण्याचा आवाज थांबला. आत आप्पांनी ओल्या हातांनी कुणाला तरी हात जोडले. दार बंद असल्यामुळं कुणाला ते सांगता येत नाही. मग आवाज आला, "सटवाला फोन लाव. म्हनावं, टाकरवणला खारीक सांग."