डाव्या अंगाची गाठ

“शर्टाला इस्त्री आहे ना?” आजोबांनी विचारलं.

“आहे,” मी म्हणाले. नव्हती.

रविवारची सकाळ, साडेसात वाजून गेलेले, रिक्षावाला खालून दोनदा फोन करून चुकलेला, आणि इस्त्रीवाल्याकडचे कपडे आणायचे मी विसरलेले. कपाटात जो पांढरा शर्ट सापडला तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी नेहमीसारखी कॉलरवरून दोन बोटं फिरवली. मी श्वास रोखून उभी राहिले, कारण या दोन बोटांनी आमच्या घरात आजवर कुणाची गय केली नव्हती. ताट नीट घासलंय का, मेथी आजची की कालची, पडद्याला नवी शिवण कुठून पडली, सगळं त्यांना कळायचं.

“बरं,” ते म्हणाले आणि शर्ट घातला. मी सुटले, असं मला वाटलं.

माझे आजोबा, रतन तायडे. तीन वर्षांचे असताना देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. बाराव्या वर्षी अकोल्याकडच्या खेड्यातून त्यांना पुण्याच्या अंधशाळेत आणून सोडलं. तिथे ते वेताच्या खुर्च्या विणायला शिकले आणि त्याच कामावर सरकारी नोकरीला लागले. पस्तीस वर्षं त्यांनी साहेबांच्या, कारकुनांच्या, आणि ज्यांच्यावर कधी कुणी बसत नाही अशा पाहुण्यांच्या खुर्च्या विणल्या. निवृत्त होऊन आता सोळा वर्षं झाली. आम्ही धायरीला राहतो. बाबा हिंजवडीच्या कंपनीची बस चालवतात, मी खराडीला एका ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकते. घरात तक्रार न करणारा माणूस एकच आहे. त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

ज्याला दिसत नाही अशा माणसाभोवती राहणारे लोक हळूहळू खोटं बोलायला लागतात. त्यात वाईट हेतू नसतो, सोय असते. बाल्कनीसमोरचा कडुनिंब बिल्डरनं तोडला तेव्हा आम्ही आजोबांना सांगितलं, पानगळ झालीये. चार दिवसांनी ते म्हणाले, “पानगळीत कावळेही गळतात का?” आम्ही हसलो. ते हसले नव्हते, हे मला आत्ता आठवतंय.

आज कौन्सिल हॉलला जायचं त्यांनीच काढलं होतं. एक संस्था जुन्या इमारती दाखवत फिरते आणि या रविवारी कौन्सिल हॉल आतून बघायला मिळणार, असं मी फोनवर मैत्रिणीला सांगत होते. त्यांनी ऐकलं.

“मला नेशील?”

“आजोबा, तिथं बघायचं असतं,” मी म्हणाले आणि जीभ चावली.

“ते तुम्ही बघा. मला एक खुर्ची शोधायचीय.”

त्या सभागृहाच्या खुर्च्या वर्षानुवर्षं त्यांनीच विणल्या होत्या. पूर्वी पावसाळ्यात मुंबईचं कायदेमंडळ इथे भरायचं, आणि बाबासाहेब त्या कायदेमंडळाचे सदस्य होते. पोराला तिथलं काम मिळालं हे कळल्यावर माझ्या पणजोबांनी वस्तीत घरोघर जाऊन सांगितलं होतं. मग पत्र लिहवून घेऊन पाठवलं, की बाबासाहेब कोणत्या खुर्चीवर बसायचे ते विचारून कळव. आजोबांनी सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं.

“मग काय केलं तुम्ही?” मी लहानपणी विचारायचे.

“काय करणार? सगळ्याच तशा विणल्या.”

निवृत्तीनंतर त्यांनी ऐकलं होतं की जुन्या खुर्च्या गेल्या, फोमच्या आल्या, काहींवर प्लास्टिकची पट्टी मारली. खरं काय ते कुणी सांगेना. त्यांना एवढंच हवं होतं की आपल्या हातची एक तरी राहिलेली असावी. ओळखायची खूण त्यांच्यापाशी होती. विणून झाल्यावर बैठकीच्या खाली वेताचं शेवटचं टोक बांधतात. बाकीचे ते उजवीकडून वळवतात. आजोबा डावखुरे. ते डाव्या अंगानं दोन वेढे द्यायचे आणि टोक आत दडपायचे. अशी गाठ मारणारा दुसरा माणूस खात्यात नव्हता.

कौन्सिल हॉलच्या फाटकाशी तीसेक माणसं जमली होती. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, कॅमेरे. गाईड सूरज नावाचा तरुण होता. खादीचा कुर्ता, गालाला चिकटलेला माइक. “गाईज, आपण इथे ट्रॅव्हलर म्हणून आलोय, टूरिस्ट म्हणून नाही,” असं त्यानं सुरुवातीलाच बजावलं. एक आजी शेजारणीला म्हणाल्या, “म्हणजे चहा मिळणार नाही.”

आजोबा माझ्या कोपराला धरून चालत होते. लाल विटांचा मनोरा, कमानी, खिडक्यांच्या काचा, मी जमेल तसं सांगत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. पायरी आली की मी सांगायच्या आधी त्यांचा पाय उचलला जायचा. आत शिरल्यावर ते थांबले. मान वर केली आणि नाकानं हवा ओढली.

“पॉलिश बदललं,” म्हणाले.

सभागृहात मधोमध गुबगुबीत नव्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी कडेनं नजर फिरवली. मग उजव्या भिंतीशी दोरीपलीकडे ठेवलेल्या सहा जुन्या खुर्च्या दिसल्या. वेताच्या. पुढे पाटी: कृपया स्पर्श करू नये.

“सहा आहेत, आजोबा,” मी कुजबुजले. कोपरावरची त्यांची पकड घट्ट झाली.

“आणि गाईज, या खुर्च्या,” सूरज तिथेच येऊन ठेपला. “हे वेताचं विणकाम ओरिजिनल आहे. ब्रिटिशांच्या काळातलं. दीडशे वर्षं झाली, एक पट्टी हललेली नाही. याला म्हणतात क्राफ्ट्समनशिप!”

आजोबा मोठ्यानं हसले. सगळ्यांनी वळून बघितलं.

“अहो, बसणाऱ्याच्या वजनावर आहे, पण वेत पंधरा-वीस वर्षांत खचतोच,” ते म्हणाले. “दीडशे वर्षं टिकायला तो काय दगड आहे?”

“काका, तुम्हाला कसं माहीत?”

“मी विणल्यात.”

सूरजचा चेहरा क्षणभर पडला, पण पोरगा हुशार होता. “वा! गाईज, लिव्हिंग हेरिटेज! टाळ्या!” टाळ्या झाल्या. दोघांनी आजोबांच्या शेजारी उभं राहून फोटो काढले. कुणीही विचारलं नाही की खुर्ची कशी विणतात. मला सगळ्यांचा राग आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण मीसुद्धा आजवर कधी विचारलं नव्हतं.

“आता मी हात लावू का?” आजोबांनी विचारलं.

दारावरचा पहारेकरी पुढे आला. “हात लावायची परवानगी नाही.”

“अहो, त्यांनीच केल्यात त्या,” मी म्हणाले.

“मॅडम, उद्या गवंड्याचा नातू येऊन भिंत मागेल.”

पण सूरजनं त्याला बाजूला नेलं, काहीतरी बोलला, आणि दोरीचा आकडा निघाला. “एकच खुर्ची. हलवायची नाही, उलटी करायची नाही. पाच मिनिटं.” बाकीची मंडळी पुढच्या दालनाकडे निघून गेली.

मी फोनचा टॉर्च लावून सरळ फरशीवर आडवी झाले आणि एकेका खुर्चीखाली बघत गेले. पहिलीला प्लास्टिकची पट्टी. दुसरीला तीच. तिसरी, चौथी वेताची, पण गाठी उजव्या अंगाच्या. पाचवीची बैठक खालून पार फाटलेली. सहाव्या खुर्चीखाली, डाव्या कोपऱ्यात, धुळीनं काळी झालेली एक गाठ होती. डावीकडून दोन वेढे. टोक आत दडपलेलं.

“आजोबा!” मी ओरडलेच. “आहे! डाव्या अंगाची! सहावीला आहे!”

ते माझ्या आवाजाच्या रोखानं पुढे आले. खुर्चीचा हात धरून उकिडवे बसले. त्यांचे गुडघे कडकड वाजले. मी त्यांचा हात धरून बैठकीखाली नेला आणि बोट बरोबर गाठीवर टेकवलं.

बोट गाठीवरून पुढे गेलं. परत आलं. पुन्हा पुढे गेलं.

“कुठं?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या बोटाखालीच आहे.”

“कुठं पण?”

“आजोबा, तिच्यावरच आहे तुमचं बोट. आत्ता. ही बघा.” मी त्यांचं बोट दाबलं. नखाचा रंग पांढरा झाला इतकं दाबलं.

त्यांनी बोट आणखी एकदा फिरवलं. मग हात बाहेर काढला आणि पँटला पुसला.

“बोटं गेली, पोरी,” ते म्हणाले. “दीड वर्ष झालं. साखरेची बिमारी खाती आतून. मले वाटलं, दुसरं काही नाही तरी आपली गाठ कळल.”

आजोबांची वऱ्हाडी फार क्वचित बाहेर येते.  दीड वर्षापूर्वी त्यांनी ब्रेलची पुस्तकं वाचायची सोडली होती. कंटाळा आला म्हणाले होते, आणि आम्ही ती पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली होती.

“पण गाठ आहे,” मी म्हणाले. “शप्पथ आहे. मला दिसतेय.”

“असू दे.”

“असू दे काय? खरंच आहे!”

“सकाळी इस्त्रीही होती,” ते म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. “मानेला अजून कळतं, पूर्वा. चुरगळलेली कॉलर रिक्षापासून टोचतीय.”

मी पहारेकऱ्याकडे धावले. त्याला वाकायला लावलं, टॉर्च दाखवला, म्हटलं, यांना सांगा, गाठ आहे ना? त्याला डावी गाठ काय नि उजवी काय. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, त्याला माझी दया आली असावी, आणि तो लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, “हो हो, आहे की आजोबा! एकदम झकास गाठ आहे!”

आजोबा मान हलवून हसले. त्या माणसानं चांगुलपणा केला आणि माझं उरलंसुरलं खरंही खोटं करून टाकलं.

“गाल लावून बघा,” मी शेवटचं म्हणाले. मी रडत होते, आणि ते त्यांना ऐकू येत होतं. “मानेला कळतं ना? मग गालालाही कळेल. जरा आडवं व्हा, मी धरते. कुणी नाहीये इथं.”

ते खुर्चीला धरून उठले. शर्ट खाली ओढून सारखा केला.

“इथं बाबासाहेब उभे राहून बोलले,” म्हणाले. “इथं मी आडवा नाही होणार.”

मग त्यांनी माझं कोपर शोधलं. दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा सापडलं. जाताना पहारेकऱ्याला आठवणीनं धन्यवाद दिले आणि सांगितलं, “वेताला पावसाळ्यात ओला फडका लावत जा. सुकला की तुटतो.” तो हो म्हणाला. आमच्या मागे दोरीचा आकडा लागल्याचा आवाज झाला.

निघताना मी गाठीचा फोटो काढला होता. रात्री बाबांना दाखवला. ते कितीतरी वेळ बघत बसले, मोठा करून, फिरवून. “त्यांचीच आहे,” म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी आजोबांना तसं सांगितलंही. “हो का?” आजोबा म्हणाले. “बरं झालं.” झाडाची पानगळ झालीये असं आम्ही सांगितलं होतं, त्या दिवशीही ते असंच ‘हो का?’ म्हणाले होते.

आता मी रोज खराडीला निघायच्या आधी त्यांचा शर्ट स्वतः इस्त्री करते आणि गरम असतानाच हातात देते. ते बोटं फिरवत नाहीत. कॉलर गालाला लावतात, थोडा वेळ तशीच धरतात. “आहे,” म्हणतात. खुर्चीचा विषय त्यांनी परत काढलेला नाही. मीही काढत नाही.

मग ते बटणं लावायला घेतात. मदत केलेली त्यांना चालत नाही. खालून एकेक लावत वर येतात आणि गळ्याशी येऊन अडकतात.

“लागलं का गं?” ते विचारतात.

“नाही,” मी सांगते.

ते पुन्हा लावायला घेतात. माझी बस निघून जाते. मी थांबते.