चालता अशोक

"कुणाचा इश्वास बसायचा न्हाई, पन ह्यो सीताअशोक चालत आलाय माज्या रानात!" भिमाजीनं ठोकून दिलं आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. टोपी सकाळीच धुतली होती. फोटो निघायचा होता ना!

कुरवंड्यात या जातीचं हे एकच झाड उरलेलं. लोणावळ्याहून आलेली तेजल त्याची नोंद करत होती. ग्रामपंचायत इथं पाटी लावणार, आणि पाटीवर झाड राखणाऱ्याचं नाव. ते नाव भिमाजीला आपलंच हवं होतं, एकट्याचं. अडचण एवढीच, की जुन्या मोजणीत झाड बांधावर होतं, म्हणजे निम्मं शेजारच्या रतनबाईचं. आज मात्र ते बांधापासून चांगलं चार हात आत, भिमाजीच्या नाचणीत उभं होतं.

"चालत?" टेप गुंडाळता गुंडाळता तेजल थांबली.

"व्हय तर! हे सातभाई बगा." पाचोळ्यात सात-आठ मळकट पाखरं कलकलाट करत टुणटुण उड्या मारत होती. "रानात कुटंबी जा, ही हायतच. का? हितला किडा सरला की चालली तितं. अन् अशोक? लोकांनी औशिदाला साल सोलली तरी उभा आपला जागच्या जागी. मग संपनार न्हाई तर काय! शेवटी सातभाईंनीच झापला त्येला. 'आमी सात असून पळतो, अन् तू एकटा असून उभा ऱ्हातोस व्हय रं?' लय लागलं बगा झाडाला. तवापासनं दर पावसाळ्यात माती मऊ झाली, की मुळ्या उचलायच्या अन् वीतभर सरकायचं. पाखरं म्होरं, झाड मागं!"

"पण तुमच्याचकडं का, आबा?"

"झाड मानूस वळखतं, पोरी."

बांधापलीकडं रतनबाई पदर खोचून ऐकत उभी होती. ती आपल्या विहिरीच्या कठड्यापाशी गेली, तिथून ढेंगा टाकत निघाली, बांध ओलांडला, नाचणीत शिरली आणि खोडावर हात ठेवला.

"बारा."

भिमाजीनं धुतलेल्या टोपीनं घाम पुसला.

"लगीन होऊन आले तवा हिरीपासनं बारा ढेंगा घागर वाहून ह्येला पानी घालत हुते मी," रतनबाई म्हणाली. "आजबी बाराच भरल्या. झाड तसूभर हाललं न्हाई, भावजी! दर पावसाळ्यात कुदळ मारून बांध सरकवलाय तुमी. साफ खोटं बोलताय!"